कॉम्प्युटरला मराठी येते का?

गेले काही दिवस आपल्या ग्रुपवर सीमेवरच्या शाळांच्या आठवणी येत आहेत. कुणी गळक्या छपराबद्दल लिहिलं, कुणी गुरुजींच्या छडीबद्दल. मी मराठी माध्यमाचा मास्तर, आता सेवानिवृत्त. आमच्या हातात कॉम्प्युटर कसा आला, ते कुणी लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

नवीन मंडळींसाठी आधी थोडं सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आला. पण बेला, जैनथ, तामसी या भागांतल्या कितीतरी घरांतली भाषा मराठीच राहिली, आणि मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही राहिल्या. अभ्यासक्रम हैदराबादचा, भाषा आपली. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

२००४ च्या शेवटी केंद्र सरकारची शाळांत संगणक देण्याची योजना आली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत आमचं पहिलं प्रशिक्षण झालं. दहा मशिनी आणि चाळीस शिक्षक. खोलीबाहेर चपला काढायच्या, मशिनीवर कापडाची झूल, किल्ली हेडमास्तरांकडे. पहिले दोन दिवस सीपीयू कशाला म्हणतात, माऊस कसा धरायचा, हेच चाललं, तेही तेलुगूतून. आम्हां मराठी शिक्षकांना तेलुगू कळत होतं, तो प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की हे शिकून सोमवारी वर्गात काय करायचं? एक बाई हळूच म्हणाल्या, "बिघडलं तर पगारातून कापतील का हो?" सगळे हसले, पण भीती सगळ्यांनाच होती.

आमची खरी अडचण प्रश्नपत्रिकेची होती. मराठी टायपिंग करून घ्यायला आम्ही पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याला जायचो. तिथून सीडीवर फाइल आणायची आणि इथल्या मशिनीवर उघडायची, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, कंस-टिंबांचा नुसता चिवडा! कारण साधं होतं. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी सदरा. ज्या मशिनीत तो फॉन्ट नाही, तिथे सदरा निघून जायचा.

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी तेलुगू माध्यमाचे एक सार शेजारी बसले होते. त्यांनी आपल्या मशिनीत तेलुगू सुरू करून घेतलं होतं. मी म्हणालो, "अन्ना, यात मराठी बसते का बघा ना." विंडोज एक्सपी होती. त्यांनी सीडी घातली, भाषेच्या सेटिंगमध्ये एका चौकटीत टिचकी मारली, मशीन बंद करून परत सुरू केलं आणि यादीतून 'मराठी' निवडलं. मग म्हणाले, "आता के दाबा, सार."

मी के दाबला, क उमटला. सी दाबला, म आला. एन दाबला, ल आला. कमल! पहिलीच्या पोरांना आपण जो शब्द शिकवतो, तोच. सारांनी भाषा बदलली, तीच तीन बटणं त्याच क्रमानं दाबली, आणि पडद्यावर तेलुगू लिपीत 'कमल' आलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

या मांडणीला इन्स्क्रिप्ट म्हणतात. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ती १९८६ साली ठरवली, आणि आपल्या बहुतेक लिप्यांना ती एकच आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. के दाबला तर क, शिफ्ट धरून दाबला तर ख. नुसतं ई दाबलं तर काना, शिफ्ट धरलं तर आ. अहो, हे तर आपलंच वर्णमालेचं शास्त्र! ज्यानं वीस वर्षं पहिलीला बाराखडी शिकवली, त्याला हे आठवडाभरात येतं. युनिकोडमध्येही असंच आहे हे पुढे कळलं. आपल्या क चा क्रमांक ०९१५, तेलुगूच्या क चा ०सी१५. शेवटचे आकडे तेच.

त्या दिवसापासून आमचं खरं प्रशिक्षण सुरू झालं, आणि ते आम्हीच चालवलं. सीमेवरच्या गावांतले सात-आठ मराठी शिक्षक रविवारी एकत्र बसायचे. भाषणं नाहीत. नियम एकच: संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकाच्या हातात सोमवारी वर्गात वापरायचं एक पान पाहिजे. कुणी कापसाच्या क्विंटलची गणितं केली, कुणी आपल्या मंडलाचा नकाशा मराठी नावांनी काढला. पगार कापायची भीती वाटणाऱ्या त्या बाईंनी आपल्या वर्गाची हजेरी टाइप केली आणि एकेका पोराला बोलावून त्याचं नाव पडद्यावर दाखवलं. तिसरीतला एक पोरगा नावाला बोट लावून उभाच राहिला. त्याचा बाप शाळेत आला तेव्हा त्यानं विचारलं, "मास्तर, कम्पुटरले मराठी येते का?" त्याच्या डोक्यात कॉम्प्युटर म्हणजे इंग्रजी शाळा. आणि इंग्रजी शाळा म्हणजे आपल्या पटावरचं एक नाव कमी.

पुढे स्मार्टफोन आले, व्हिडिओंचा पूर आला. २०१७ मध्ये केंद्राचं 'दीक्षा' सुरू झालं. महाराष्ट्रातले शिक्षक तर खूपच पुढे होते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले सर पुस्तकांवर क्यूआर कोड लावत होते. त्यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आमच्या शाळेत आम्हीही पेढे वाटले. पण आमचा पेच कायम होता. पैनगंगेपलीकडचा व्हिडिओ मराठीत, पण धडा वेगळा. हैदराबादचा व्हिडिओ आमच्या धड्याचा, पण तेलुगूत. दुसऱ्यांना नुसतं वापरता आलं तरी भागतं. आपल्या शिक्षकाला बनवताही आलं पाहिजे.

करोनात हे पुरतं कळलं. राज्यात १ सप्टेंबर २०२० पासून टीव्हीवरून धडे सुरू झाले. आम्ही धडा ऐकायचो आणि लगेच फोनवर त्याचं पाच मिनिटांचं मराठी सांगून पालकांना पाठवायचो. एका आईनं सांगितलं, "फोन तं याच्या बापाजवळ रायते, सर. अन् बाप वावरात." कापूस वेचणीचे दिवस होते. मग रात्री आठला पाठवायचं ठरलं. जेवणं झाल्यावर अंगणात फोन ठेवून अख्खं घर भूगोल ऐकायचं. आज्या दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "आज कोणता धडा हाय?"

कॉम्प्युटरनं मराठी शाळा वाचतील असं मी म्हणणार नाही. पट घटला, जागा रिकाम्या राहिल्या, ते तुम्हीही बघताय. पण शिक्षक तयार करणं म्हणजे काय, हे मला त्या तीन बटणांनी शिकवलं. त्याला मशिनीचे भाग पाठ करायला लावू नका. पहिल्याच दिवशी त्याच्या भाषेत, त्याच्या वर्गासाठी एक पान करायला लावा. बाकीचं तो स्वतः विचारत येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या नारनूरजवळच्या गुंजाला गावच्या जुन्या पोथ्यांतली गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये गेली. म्हणजे गोंडी घरातल्या पोरालाही त्याचं नाव त्याच्या लिपीत पडद्यावर दाखवता येईल. दाखवणारा मास्तर मात्र तयार करावा लागेल.

एक विनंती. रविवारच्या त्या बैठकांतली पानं माझ्याकडे साठेक आहेत, बाकीची कुणाकुणाच्या पेनड्राइव्हमध्ये पडून असतील. कुणाकडे असतील तर कळवा. सेवेत असलेल्या आपल्या मास्तरांना आणि बाईंना सगळी एकत्र करून द्यायची आहेत.