बजावणीचा पत्ता

शनिवार, २२ मार्च २०२५. शुगर लँड, टेक्सस

काका एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मुलीकडे सिएटलला जाणार, कायमचे. काकू गेल्यापासून मुलगी मागे लागली होती. आज चहाला बोलावून त्यांनी सांगितलं. घर विकायचं, पुस्तकं वाटून टाकायची, हे सगळं सांगून होण्याआधीच म्हणाले, "तुझ्या कंपनीच्या कागदावरचं माझं नाव बदलायला घे. मी टेक्ससचा रहिवासी राहणार नाही, म्हणजे चालायचं नाही."

दहा वर्षं काका आमच्या भाजणी-चकलीच्या कंपनीचे रजिस्टर्ड एजंट आहेत. त्यांचा कंपनीत हिस्सा नाही, पगार नाही. कोर्टाचा किंवा सरकारचा कागद आला तर दार उघडायचं, तो घ्यायचा आणि मला पोचवायचा, एवढंच काम. पण त्यासाठी दिवसा घरी माणूस लागतो, आणि ते घर राज्याच्या दप्तरात लिहिलेलं असावं लागतं.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, कडुलिंब मागल्या अंगणातलाच. दुपारी निजले नाही, जुनी फाईल काढून बसले.

२०१४ साली कंपनी काढली तेव्हा आमच्या भाड्याच्या घराचाच पत्ता रजिस्टर्ड ऑफिस म्हणून दिला होता, एजंटही मीच. वर्षभरात घर बदललं. पोस्टाला कळवलं, बँकेला कळवलं, करखात्याला कळवलं. ऑस्टिनला, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाला कळवायचं राहिलं. तळणीच्या यंत्राच्या हप्त्यावरून विक्रेत्याशी वाद चालू होता, त्याने दावा लावला. कॉन्स्टेबल जुन्या घरी तीनदा जाऊन परतला. इथे असा नियम आहे की एजंट नेमलेला नसेल, किंवा वाजवी प्रयत्न करूनही सापडत नसेल, तर कंपनीच्या वतीने खुद्द सेक्रेटरी ऑफ स्टेटवर समन्स बजावता येतं. ते कार्यालय मग दप्तरातल्या पत्त्यावर ते रवाना करतं. दप्तरातला पत्ता जुनाच. पाकीट परत गेलं, पण कायद्याच्या दृष्टीने बजावणी पुरी झाली.

एकतर्फी निकाल लागला. तो कळला कारण निकाल घेताना वादीला प्रतिवादीचा शेवटचा ठाऊक पत्ता कोर्टाला लिहून द्यावा लागतो, आणि त्याला आमच्या भटारखान्याचा पत्ता ठाऊक होता. कोर्टाच्या कारकुनाचं पत्र तिथे आलं. उभ्याउभ्या वाचलं, तेल तापत होतं ते बंद करायचंही सुचलं नाही. वकिलांनी तीस दिवसांच्या आत फेरसुनावणीचा अर्ज केला. टेक्ससमध्ये १९३९ सालच्या एका निकालापासून तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: गैरहजेरी जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने नव्हती, आपल्याकडे खरा बचाव आहे, आणि पुन्हा सुनावणी झाल्याने समोरच्याचं नुकसान होत नाही. निकाल रद्द झाला, पुढे तडजोडही झाली, आणि एजंट म्हणून काकांचं नाव लागलं. पण चूक माझीच होती, आणि ती माझ्या हातून व्हावी याचं फार लागलं.

कारण माझे वडील वाईच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होते. नाझरसाहेबांनी वाटून दिलेली समन्सं कातडी पिशवीत घालून सायकलवर पसरणी, बावधन, ओझर्डे करत फिरायचे. माणूस घरी नसेल तर घरातल्या सज्ञान माणसाच्या हाती द्यायचं. कुणी घेतच नसेल तर बाहेरच्या दाराला डकवायचं, आणि घर कुणी दाखवलं, डकवताना समोर कोण होतं, ते नावानिशी अहवालात लिहायचं. लोक त्यांना पाहून दार लावून घेत. ते ओट्यावर बसून समजावत, "बाबा, कागद घेणं म्हणजे कबूल करणं नव्हे. घेतलास तर तुझं म्हणणं मांडता येईल." अशा माणसाच्या मुलीला समन्स सापडलं नाही.

मंगळवार, १ एप्रिल

आता कुणाला नेमायचं?

मी स्वतः चालते. कंपनी स्वतःची एजंट होऊ शकत नाही, पण मालकीण होऊ शकते. मात्र दर हिवाळ्यात मी सहा आठवडे आईपाशी वाईत असते. नवरा दोन आठवडे समुद्रातल्या तेलफलाटावर, दोन आठवडे घरी. पैसे घेऊन हे काम करणाऱ्या संस्था आहेत, एकीने वर्षाला सव्वाशे डॉलर सांगितले. ज्यांचा पसारा पाचदहा राज्यांत आहे, किंवा ज्यांना घरचा पत्ता सरकारी दप्तरात जगजाहीर करायचा नाही, त्यांच्यासाठी ती सोय योग्यच आहे. एकटीने घरून धंदा करणाऱ्या बाईला मी तोच सल्ला देईन. टपालपेटीचा पत्ता चालत नाही, नुसतं टपाल गोळा करणाऱ्या दुकानाचाही नाही. रस्ता-क्रमांक असलेली जागा हवी, कामाच्या वेळात माणूस हाती लागेल अशी.

अशी जागा आमच्याकडे आहेच. भटारखाना सकाळी सातला उघडतो. आणि तिथे भाजणी भाजणाऱ्या ताई असतात.

गुरुवार, ३ एप्रिल

ताईंना विचारलं. डाळ भाजत होत्या, झारा थांबला.

"म्हणजे कंपनीवर केस झाली तर मला कोर्टात उभं करतील?"

"नाही ताई. कंपनीचं देणं तुमच्या अंगावर येत नाही. एजंटने कागद घ्यायचा आणि कंपनीला पोचवायचा, कायद्याने नेमून दिलेलं काम एवढंच."

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, अन् तू मला पायरीवरच बसवतेस."

मी त्यांना वडिलांचं सांगितलं. आणि मुदतीचं सांगितलं, कारण सगळा जीव त्यात आहे. इथल्या मोठ्या दिवाणी कोर्टांत समन्स हाती पडल्यापासून वीस दिवस संपले की त्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहापर्यंत लेखी उत्तर द्यावं लागतं. काल, बुधवारी २ एप्रिलला कागद आला असता तर २२ तारखेला वीस दिवस भरले असते आणि उत्तर सोमवारी २८ ला दहाच्या आत. कागद चार दिवस फळीवर मसाल्याच्या डब्यामागे राहिला, तर ते चार दिवस आपले गेले.

ताईंनी पुन्हा झारा फिरवायला घेतला. "उद्या सांगते," म्हणाल्या. मी आग्रह केला नाही. २०१० पासून टेक्ससमध्ये एजंटची संमती लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असावी लागते, आणि ते बरं आहे. त्याआधी दुसऱ्याचं नाव त्याला न विचारता लिहून मोकळे होणारे लोक होते.

सोमवार, ७ एप्रिल

ताई हो म्हणाल्या. मुलाला विचारलं, जावयाला विचारलं, मग हो म्हणाल्या. एकच अट: रजेवर असतील त्या दिवशी त्यांच्या जागी दारात कोण, हे आधी ठरलेलं हवं. अट मला सुचायला हवी होती.

संमतीचा नमुना ४०१-ए त्यांना ओळीओळीने मराठीत सांगितला, मग त्यांनी सही केली. हा कागद राज्याला पाठवायचा नसतो, आपल्या दप्तरी ठेवायचा. तो काकांच्या जुन्या संमतीमागे फाईलला लावला.

गुरुवार, १० एप्रिल

रात्री ऑनलाइन अर्ज भरला, नमुना ४०१. कंपनीचं नाव दप्तरात आहे तसंच, स्वल्पविरामासकट. फाईल क्रमांक. सध्याचा एजंट, नवा एजंट, नवा पत्ता. एजंट जिथे भेटेल तोच पत्ता रजिस्टर्ड ऑफिसचा असावा लागतो, दोन वेगळे चालत नाहीत. बदल कधीपासून लागू, तेही विचारतात: दाखल होताच, किंवा नव्वद दिवसांच्या आतली पुढची तारीख. काका १९ ला निघणार. मी दाखल होताच हा पर्याय घेतला. मध्ये एकही दिवस मोकळा नको.

शुल्क पंधरा डॉलर, वर कार्डाचे काही सेंट. सहीच्या वर लिहिलेलं असतं की नेमलेल्या व्यक्तीने संमती दिली आहे, आणि खोटं लिहिलं तर शिक्षेला पात्र. ताईंचा झारा थांबला होता तो क्षण आठवला आणि सही केली.

मंगळवार, १५ एप्रिल

दाखल झाल्याचा शिक्का आला. काकांना फोन केला. "सुटलो," म्हणाले, पण आवाज सुटल्यासारखा नव्हता.

शनिवार, १९ एप्रिल

काकांना विमानतळावर सोडून आले. निघताना त्यांनी एक शंभरपानी वही हाती दिली. दहा वर्षांत दारावर आलेला प्रत्येक कागद तिच्यात आहे: तारीख, वेळ, कुणी आणला, मला फोन किती वाजता केला. बरीचशी जाहिरातवजा पत्रं, सरकारी वाटावीत अशी छापलेली, प्रमाणपत्राचे पैसे मागणारी, त्यांचीसुद्धा नोंद. समन्स एकच, २०१९ चं. त्या पानावर लिहिलंय: दु. २.१०, कॉन्स्टेबल, सही दिली. फोन दु. २.१२.

दोन मिनिटं. त्या दाव्यात आम्ही वेळेत उत्तर दिलं होतं, म्हणून मला तो आज नीट आठवतही नाही.

वही ताईंना दिली. काकांच्या शेवटच्या नोंदीखाली त्यांनी रेघ मारली.

बुधवार, १४ मे

उद्याची मुदत, म्हणून आज राज्याच्या करखात्याकडे, म्हणजे कंट्रोलरकडे, सार्वजनिक माहितीचा वार्षिक अहवाल भरला. उलाढाल लहान, त्यामुळे फ्रँचाइज टॅक्स नाही, पण हा अहवाल चुकत नाही. त्याच्या नमुन्यात एजंटचीही ओळ असते, आणि तिथे नवं नाव लिहिलं की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. होत नाही. कंट्रोलर वेगळा, सेक्रेटरी ऑफ स्टेट वेगळा. बदल ऑस्टिनच्या त्या दुसऱ्या दप्तरातच व्हावा लागतो. इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या तिघांना आज मुद्दाम फोन करून हे सांगितलं. एकाच्या कंपनीचा एजंट चार वर्षांपूर्वी कॅनडाला गेलेला मित्र निघाला. रात्री त्याच्याबरोबर फोनवर बसून अर्ज भरून घेतला.

गुरुवार, २९ मे

दुपारी ताईंचा फोन. "एक माणूस आला होता, कागद घेऊन."

माझ्या काळजात धस्स झालं. "घेतलात?"

"आपला नव्हता. पलीकडच्या गाळ्यातल्या टाइल्सवाल्याचा. तो दार वाजवून कंटाळला होता, त्याचं दार मागच्या बाजूने आहे ना. मी नेऊन दाखवलं. टाइल्सवाला माझ्याकडे असा बघत होता, मीच केस केल्यासारखा."

"मग?"

"मग त्याला म्हटलं, घ्या, घेतलं म्हणून काही कबूल होत नाही." मग जरा थांबून, "वहीत लिहू का? आपला नाही, पण आला तर होता."

लिहा म्हटलं. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर रेघेखाली पहिली नोंद त्यांच्या गोल अक्षरात होती: तारीख, दु. ३.४०, शेजारचा कागद. आणि पुढे, घर दाखवणारी म्हणून, त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव.