उंबऱ्याबाहेर कोण?

पंढरपूरच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे आणि तिच्या समोरच चोखोबांची समाधी. संतांच्या पायाची धूळ आपल्यावर पडत राहावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. चोखोबा मात्र तिथं आहेत ते अस्पृश्य म्हणून त्यांना पुढं जाऊ दिलं नाही म्हणून. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून ते गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या, हे ओळखून नामदेवांनी त्या पंढरीला आणल्या, असं परंपरा सांगते. दोघेही दाराशीच. एक स्वतःच्या इच्छेनं, दुसरा इतरांच्या मर्जीनं. धर्मानं समाजाला काय दिलं, असा वाद कुठं सुरू झाला की मला आधी हे दार आठवतं.

*

ते दार उघडायला सहाशे वर्षं लागली. साने गुरुजी आधी गावोगाव हिंडले, मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. गांधीजींना हे उपोषण पसंत नव्हतं, तरी गुरुजी मागं हटले नाहीत. १० मे रोजी उपोषण सुटलं. या सगळ्यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. गुरुजींना बसायला जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठानं. म्हणजे विरोध करणारेही धर्माचं नाव घेत होते आणि मठाचं दार उघडणारेही धर्मातलेच होते. ‘धर्म’ म्हणून सरसकट शिव्या देणाऱ्यांनी किंवा सरसकट ओव्या गाणाऱ्यांनी हे विसरू नये.

*

नाशिकला असं घडलं नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. त्यानंतर एकवीस वर्षं ते अभ्यास करत राहिले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह बौद्ध झाले. इतका अपमान सोसलेल्या माणसानं धर्म ही गोष्टच टाकून दिली असती तर कोण त्यांना बोल लावू शकला असता? त्यांनी तसं केलं नाही. माणसामाणसांतलं नातं नीतीवर उभं करणारं काहीतरी समाजाला लागतंच, हे त्यांनी मानलं आणि ते शोधून काढलं. धर्माची गरज इतक्या गांभीर्यानं मोजणारा दुसरा माणूस आपल्याकडे शोधावा लागेल.

*

थोरल्या काकांचा दहावा. नदीकाठी भाताचे पिंड, वर दही, काळे तीळ. गुरुजींचं झालं आणि सगळे मागं सरकून उभे राहिले. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण एकही खाली येईना. मग बोलायला सुरुवात झाली. “दादा, धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत.” तरी नाही. कुणीतरी म्हणालं, “वहिनींना अंतर देणार नाही.” एक कावळा उतरला, पिंडाभोवती फिरला, उडाला. शेवटी चुलतभाऊ पुढं झाला. विहिरीच्या पाळीवरून त्याचं आणि काकांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. हात जोडून त्यानं सांगितलं, “पाळी ठरल्यासारखी देईन. दादा, आता घ्या.” सगळ्या भावकीसमोर बोलला. कावळा शिवला.

कावळ्याला विहिरीतलं काही कळत नाही, हे मलाही माहीत आहे. पण ते वाक्य त्या काठाखेरीज दुसरीकडे कुठं बोललं गेलं असतं? तलाठ्यासमोर नाही, पंचांसमोर नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द दहा जणांनी ऐकला होता, आणि तो पाळला गेला. पाणी आजही ठरलेल्या वारी मिळतं. कावळा शिवलाच नसता तर दर्भाचा कावळा करून शिवतात. तीही सोय रीतीनं ठेवली आहे, माणसांना उपाशी घरी जावं लागू नये म्हणून. एवढा कनवाळूपणा त्या रीतीत आहे.

*

त्याच दिवशी, त्याच नदीवर, पन्नास पावलांवर काकूंच्या बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं, जोडवी काढली. हे करणाऱ्या बायका स्वतः विधवाच होत्या. त्यांच्या बाबतीत जसं झालं तसंच त्या करत होत्या. एक बांगडी फुटताना मनगटात काच रुतली आणि काकू ओरडल्या नाहीत. पुरुषांनी पाठ फिरवली होती. मीही त्यांतलाच एक.

कावळ्याला हात जोडून “वहिनींना अंतर देणार नाही” म्हणणारी आम्हीच माणसं. अर्ध्या तासात त्या वहिनींना मंगलकार्यातून कायमचं बाहेर काढून आम्ही घरी जेवायला गेलो. दोन्हीला आम्ही धर्मच म्हणत होतो.

*

गळ्यात माळ घातली की दारू आणि मटण सुटतं, एकादशी पाळावी लागते, जमेल तेव्हा वारी. आमच्या गावात माळेनं जितके संसार सावरले तितके दुसऱ्या कशानं सावरल्याचं मला दिसलेलं नाही. डॉक्टरचं न ऐकणारा माणूस माळेचं ऐकतो. का? एकट्यानं सोडणं आणि रोज संध्याकाळी भजनाला बसणाऱ्या दहा जणांच्या देखत सोडणं यांत फरक पडत असावा. टाळ हातात आला की हाताला कामही मिळतं.

*

वारीत दोन माणसं भेटली की दोघंही वाकतात. वय विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, “माउली” म्हणून एकमेकांच्या पायाला हात लावतात. हे डोळ्यांनी पाहिलं की भरून येतं. पण इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा लेख सोबत वाचावा. त्या दिंडीबरोबर चालल्या तेव्हा ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी होती, आणि हे त्यांना किती लागलं ते त्यांनी लपवलेलं नाही. त्या वारीवर प्रेम करत होत्या म्हणून त्यांनी ते लिहिलं. आपल्याकडे हल्ली प्रेम करणाऱ्यानं गप्प बसावं अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा मला मान्य नाही.

*

तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिला विसावा अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी. अभंग होतो, आरती होते, पालखी पुढं जाते. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. पावसात मूर्ती भिजू लागली तेव्हा मुसलमान शेजाऱ्यांनीच आत घ्या म्हटलं, तिथून ही रीत पडली असं गाव सांगतं. अशा गोष्टी ‘सलोख्याचं उदाहरण’ म्हणून सणापुरत्या छापून येतात. तिथल्या माणसांना त्यात उदाहरण दिसत नसेल. शेजार दिसत असेल.

*

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झटले तो त्याच वर्षी आला. कुणाच्याही देवपूजेला त्या कायद्यानं हात लावलेला नाही. करणी, नरबळी, भूत उतरवण्यासाठी मारझोड, हे त्यातले गुन्हे. देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला आणि छळाला विरोध, एवढंच ते वर्षानुवर्षं सांगत होते. श्रद्धावान माणसाला खरं तर हा कायदा सर्वांत आधी हवासा वाटायला हवा होता.

*

बडवे-उत्पातांचे विठ्ठल मंदिरातले वंशपरंपरागत हक्क काढण्याचा कायदा १९७३ सालचा. सर्वोच्च न्यायालयात त्याचा शेवट लागला जानेवारी २०१४ मध्ये. देव आणि भक्त यांच्यामध्ये कुणी मध्यस्थ नको, म्हणून जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला तो १८७३ साली. तारखा शेजारी मांडल्या की आपला वेग कळतो.

*

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनंही इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी आपल्या पश्चात पत्नीवर या प्रथा लादू नयेत असं प्रतिज्ञापत्रच केलं. ही कल्पना मला परिपत्रकापेक्षा जास्त पटली. घरात मयत झाल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. तेव्हा जी म्हातारी जोरात बोलते तिचं चालतं. ठरवायचं ते आधी, सगळे धडधाकट असताना.

काकूंच्या वेळी मी पाठ फिरवली होती. यंदा मी स्टॅम्प पेपर आणला. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी यांतलं काय ठेवायचं आणि काय नाही, ते माझ्या बायकोनं ठरवायचं. दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही, एवढंच लिहिलं. एकेक प्रत भावांना दिली, एक आमच्या गुरुजींना. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, “दहाव्याचे बाकीचे विधी करायचे ना?”

करायचे, म्हटलं. पिंडही ठेवायचे. भावांकडून काय काय कबूल करून घ्यायचं त्याची यादीही मी देऊन ठेवणार आहे.