ईव्हचं मौन

हुइसुम या डच खेड्याचा न्यायाधीश ॲडम सकाळी उठून पायाला पट्टी बांधत बसला आहे. डोक्याला दोन जखमा, आणि न्यायासनावर बसताना घालायचा केसांचा टोप गायब. कारकून लिश्ट विचारत राहतो, ॲडम उत्तरं रचत राहतो. म्हणे पलंगावरून उतरताना पडलो, म्हणे टोपात मांजर व्याली. पण त्याच सकाळी तो आपलं स्वप्नही सांगून टाकतो: त्याला ओढत न्यायासनासमोर आणलंय, आणि वर बसून त्याला शिव्या घालत शिक्षा सुनावणाराही तोच. चोराच्या मनात चांदणं, ते असं. हाइनरिश फॉन क्लाइस्टच्या ‘फुटका घडा’ या जर्मन विनोदी नाटकाची ही सुरुवात वाचताना मला ॲडमचा राग येण्याआधी त्याची कीव येते.

त्याच दिवशी उट्रेख्तहून वाल्टर हा वरिष्ठ अधिकारी तपासणीला येतो, आणि मार्थे रुल फुटलेला घडा घेऊन दारात उभी राहते. सम्राट पाचवा चार्ल्स नेदरलंड्सचं राज्य फिलिपच्या हाती सोपवतोय, असं चित्र त्या घड्यावर होतं. तो कोणाकोणाच्या हातांतून आला, युद्धातून आणि आगीतून कसा वाचला, हे ती भर कोर्टात सांगत सुटते. प्रेक्षक हसतात. मला मात्र तिचं बोलणं मनापासून पटतं. गरिबाघरच्या वस्तूला इतिहास असतो, आणि तो ऐकून घ्यायला कोर्टाला वेळ असायला हवा. शिवाय घड्यासोबत मुलीचं, ईव्हचं, नावही गेलं, हे तिचं खरं दुःख आहे. रात्री मुलीच्या खोलीत कोणीतरी होतं, पळताना त्याने घडा पाडला. मार्थेचा आरोप मुलीच्या वाग्दत्त वरावर, रुप्रेख्तवर आहे.

तो ‘कोणीतरी’ खुद्द ॲडम. रुप्रेख्तला सैन्यात घालून दूर ईस्ट इंडीजला धाडणार, असं खोटं पत्र दाखवून त्याने ईव्हला घाबरवलं होतं. सुटकेचा दाखला देतो म्हणून तो रात्री तिच्या खोलीत शिरला. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि आता चोर शोधायलाही तेच बसलं आहे. सोफोक्लिसच्या इडिपस राजाशी या कथेचं नातं क्लाइस्टने स्वतःच सांगितलं होतं. मात्र इडिपस सत्याकडे चालत जातो, ॲडम त्यापासून पळतो.

ईव्ह बोलत नाही. बोलली तर रुप्रेख्त जाईल, या भीतीने ती आईचे टोमणे आणि साऱ्या गावाची नजर सोसते. तिचा जीव जळतो तो रुप्रेख्तच्या अविश्वासाने. डोळ्यांना काहीही दिसलं तरी त्याने आपल्यावर विश्वास ठेवायला हवा होता, एवढंच तिचं मागणं. तो मात्र सर्वांदेखत तिला नको ते बोलतो. वाल्टरला संशय येतो, पण कोर्टाची इभ्रत राखायची म्हणून तो ॲडमला निकाल देऊ देतो. लिश्टची नजर न्यायाधीशाच्या जागेवर आहे, आणि शेवटी ती त्याला मिळतेही. साक्षीदार ब्रिगिटबाई सापडलेला टोप आणि बर्फातल्या पावलांचा माग घेऊन येते, तरी ॲडम रुप्रेख्तला तुरुंगाची शिक्षा ठोठावतोच. तेव्हा ईव्ह ओरडून सांगते, घडा न्यायाधीशानेच फोडला. ॲडम शेतांतून पळत सुटतो.

हे नाटक २ मार्च १८०८ रोजी वायमारमध्ये पहिल्यांदा झालं. तिथल्या नाट्यगृहाचा प्रमुख असलेल्या गटेने एकसलग नाटकाचे तीन अंक पाडले आणि प्रयोग पडला. १८११ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्याच वर्षी चौतीस वर्षांच्या क्लाइस्टने आयुष्य संपवलं. आज जर्मन रंगभूमीवरच्या मोजक्या थोर विनोदी नाटकांत ‘फुटका घडा’ची गणना होते.

शेवटी ईव्ह-रुप्रेख्तचा समेट होतो, आणि मार्थे उट्रेख्तमधल्या सरकारी कचेरीचा पत्ता विचारते. घड्याचा न्याय अजून व्हायचाय. तिचं बरोबर आहे. पण त्या कोर्टात एकट्या ईव्हने दुसऱ्याला वाचवायला स्वतःची अब्रू पणाला लावली, आणि तिची क्षमा मागणं हे रुप्रेख्तखेरीज कोणालाही आपलं काम वाटलं नाही. नाटक वाचाल तेव्हा ॲडमला मनसोक्त हसा. पण जिथे कुठे एखादी मुलगी अशी गप्प उभी असेल, तिथे आधी तिला कशाची भीती घातली आहे ते विचारा, आणि मगच तिच्याबद्दल मत बनवा.