मुदतीबाहेरचे ऋण

कोरिया देशातून आमच्या हजीऱ्यास प्रथम आली ती तोफ. गाणे मागाहून आले.

हे वाक्य चमत्कृतीसाठी लिहिलेले नाही. घडले तेच लिहिले आहे. तापी समुद्राला मिळते तिच्या मुखाशी हजीरा वसले आहे. शेजारच्या सुवाळीच्या किनाऱ्यापुढे १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची गलबते एकमेकांशी झुंजली, एवढीच या भागाची ओळख इतिहासाच्या पुस्तकात असे. आज येथे धुरांडी आहेत, धक्के आहेत आणि रात्रीही न मावळणारा एक तांबूस उजेड आहे. येथल्याच एका कारखान्यात, २०१७ साली लार्सन अँड टुब्रो आणि कोरियातील हान्व्हा या कंपन्यांत झालेल्या करारानंतर, ‘के-९ वज्र’ नावाच्या शंभर तोफा लष्करासाठी तयार झाल्या. शंभरावी तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराच्या स्वाधीन झाली.

तोफांच्या निमित्ताने परदेशी तंत्रज्ञांची ये-जा सुरू झाली, तंत्रज्ञांमागे भाड्याची घरे आली, आणि भाड्याच्या घरामागे वकील आलाच. मी सुरतेच्या न्यायालयात वकिली करते; यजमानांच्या नोकरीमुळे बिऱ्हाड मात्र हजीऱ्यास आहे. २०१९ साली अशाच एका भाडेकरारासाठी आलेली एक दुभाषी तरुणी, मुद्रांकाचा कागद येईपर्यंत माझ्या कचेरीत बसून कानात यंत्र घालून काही ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. काय आहे, म्हणून मी विचारले. तिने उत्तर न देता एका कानातले यंत्र काढून माझ्या हाती ठेवले. माझ्या दीक्षेचा विधी एवढाच.

ती गायिका म्हणजे ली जी-उन. रंगमंचावर तिचे नाव आय यू. ‘मी’ आणि ‘तू’ यांसाठी असलेल्या दोन इंग्रजी शब्दांवरून ते घेतलेले. संगीताने मी आणि तू एक होतो, असा त्याचा अर्थ सांगतात. जन्म १९९३ चा. घरची स्थिती विपन्न झाल्यावर काही काळ ती आजीपाशी एका खोलीत वाढली. अनेक संस्थांनी तिला परीक्षा घेऊन परत पाठवले. आणि वयाच्या पंधराव्या वर्षी, २००८ साली, तिचे पहिले गीत लोकांपुढे आले. कोरियाचे जे गाणे जगभर गेले ते मुख्यतः संघाने नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलामुलींचे. त्यांत ही एकटी उभी राहिली, आणि पुढे आपली पुष्कळशी गीते स्वतःच लिहू लागली. ‘रात्रीचे पत्र’ अशा अर्थाच्या नावाचे तिचे २०१७ सालचे एक गीत आहे. आवाज कुजबुजीच्या अगदी जवळचा, आणि कल्पना एवढीच की काजव्याचा उजेड कुणाच्या तरी खिडकीपाशी पाठवून द्यावा. त्या मुलीने माझ्या हाती ठेवले ते हे गीत.

२०२१ च्या पावसाळ्यात माझी आजी आमच्याकडे अंथरुणाला खिळून होती. वय ब्याण्णव. अंत्रुज महालातल्या देवळाच्या सावलीत जिचा जन्म गेला, तिच्या वाट्याला अखेरचे दिवस या धुरांड्यांच्या गावी आले. रात्री तिला झोप लागत नसे. लहानपणी आम्हा नातवंडांना ती एक सूर गुणगुणत झोपवी. शब्द तिला अर्धेच ठाऊक होते, पण सूर मात्र कधी ढळला नाही. आता तिचा गळा उरला नव्हता. म्हणून एका रात्री मी मोबाईलवर ते कोरियन गीत हळू लावले. ते संपले तशी ती म्हणाली,

“भास कळना. पूण गळो बरो आसा. खंयच्या देवळाची गो ही?”

मला हसू आले. तिच्या लेखी गाणारी बाई म्हणजे कोणत्या तरी देवळाची असायचीच. मी म्हटले, “देवळाची न्हय, आजी. कोरिया म्हणून देश आसा, थंयची.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “तिका घरांत बसयतात न्ही गो?”

“व्हय तर,” मी म्हटले. “राणयेवरी.”

त्यानंतर तिने जे सांगितले ते तिने आमच्यापैकी कुणालाही पूर्वी सांगितलेले नव्हते. लग्न होऊन ती सासरी आली त्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, गावच्या देवळात एक कलावंत बाई पालखीपुढे गात असे. नाव आजीने घेतले. मी येथे लिहीत नाही. घरंदाज सुनांनी पुढे बसून गाणे ऐकण्याची रीत नव्हती. आजी खांबाआड उभी राहून ऐके आणि दळताना तेच गुणगुणे. आम्ही ज्या सुरावर झोपलो तो त्या बाईंचा होता. एकदा वैशाखातल्या दुपारी त्या बाई काही निरोप घेऊन घरी आल्या. सोप्याच्या पायरीवर बसल्या आणि पाणी मागितले. अशा माणसांसाठी कोनाड्यात एक पितळी पेला वेगळा ठेवलेला असे. आजीने त्यात पाणी दिले. बाई प्यायल्या, पेला स्वतः विसळला आणि पालथा घातला. आणि आजीने त्यावर पाणी शिंपडून मगच तो उचलला.

“ती पळयताली,” आजी म्हणाली. “आनी म्हाका कोणें सांगूंक नाशिल्लें गो.”

सासू घरात नव्हती, दुसरे कुणीही जवळ नव्हते. सोळा वर्षांच्या मुलीने ते आपल्या मनाने केले. दुसऱ्या दिवशी त्याच गळ्याने त्या बाई देवापुढे गायल्या आणि आजीने खांबाआडून ऐकले. भाद्रपदात आजी गेली.

आजीच्या प्रश्नाला मी ‘व्हय’ म्हणून उत्तर देऊन टाकले होते. पुराव्यावाचून दिलेले उत्तर वकिलाला स्वस्थ बसू देत नाही. मी पुरावा शोधू लागले, तसा तो दोन्ही बाजूंनी सापडू लागला. कोरियात २००९ साली एका लोकप्रिय संघातील पाचांपैकी तिघांनी आपल्या संस्थेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यांना बांधून घेणारा करार तेरा वर्षांचा होता. लोक त्याला गुलामगिरीचा करार म्हणत. त्याच वर्षी तेथील व्यापार-आयोगाने नमुना-करार जाहीर केला आणि अशा बंधनाची मर्यादा सात वर्षांवर आणली. २०१९ च्या ऑक्टोबरात सल्ली आणि नोव्हेंबरात गू हारा, या दोन तरुण गायिकांनी जगाचा निरोप घेतला. दोघींनीही अनोळखी माणसांच्या विखारी शब्दांचा मारा वर्षानुवर्षे सोसला होता. गू हाराला लहानपणीच सोडून गेलेली आई तिच्या पश्चात वाटा मागू लागली, तेव्हा भावाने दाद मागितली. अखेर २०२४ साली तेथील वारसाहक्काचा कायदा बदलला. म्हणजे राणीसारखी वागणूक ही निम्मी गोष्ट झाली. टाळी वाजवणारा हातच दगडही उचलतो, ही दुसरी.

आणि आपल्याकडे? १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ यान तारकांकडे पाठवले. त्यातील तबकडीवर जगभरच्या संगीताबरोबर आपल्या फोंडा महालातील केरीच्या केसरबाई केरकरांचा स्वर आहे. ज्या समाजाने आपल्या मंदिरांना शतकानुशतके गाणे दिले त्याच समाजातल्या त्या. कुर्डीच्या मोगूबाईही त्याच समाजातल्या. आईला मैफलींच्या जागी कशी वागणूक मिळे ते लहानपणी पाहिले, म्हणून मानाच्या बाबतीत आपण काटेकोर झालो, असे किशोरी आमोणकर पुढे मुलाखतींतून सांगत. आम्ही श्रोते मात्र त्यांना तऱ्हेवाईक म्हणून मोकळे झालो! स्वर सूर्यमालेच्या सीमेपार पोहोचला. तो गाणारीला सोप्याची पायरी चढून आत यायला त्याहून अधिक काळ लागला.

२०२४ च्या आरंभी वाचनात आले की आय यू जगाच्या दौऱ्यावर निघाली असून २० आणि २१ एप्रिलला सिंगापुरात गाणार आहे. मी जायचे ठरवले. घरात थट्टेला ऊत आला. मुलगी म्हणाली, “आई, तुझ्या वयाचं तिथे कुणी नसेल.” यजमान म्हणाले, “पंढरीला चल म्हटले असते तर गुडघे दुखले असते.” दोघांचेही म्हणणे खरे होते. तरी मी सुरतेहून रेल्वेने मुंबईस आणि तेथून विमानाने सिंगापुरास गेले. पंचेचाळिसाव्या वर्षी एकटीने केलेली ही माझी पहिली यात्रा.

कालांगच्या पाण्याकाठचे ते बंदिस्त क्रीडागृह केन्झो टांगे या जपानी स्थापत्यकाराच्या कल्पनेतून उभे राहिले आणि १९८९ साली खुले झाले. आत सुमारे बारा हजार माणसे मावतात. मुलीचे भाकीत चुकले. माझ्या शेजारी पासष्टीच्या एक चिनी बाई नातीसह बसल्या होत्या. ज्याच्या त्याच्या हाती एक दीपदंड. गीताच्या कोणत्या ओळीनंतर श्रोत्यांनी कोणती साद द्यायची तेही ठरलेले असते. खटल्याचे कागद वाचावेत तशा त्या सादा मी घरून पाठ करून गेले होते. आरतीच्या शेवटी टाळ्यांची लय कुणी न सांगता बदलते, तसे ते आपोआप होत होते. भाषेचा एक शब्द कळत नसता मी बारा हजारांच्या स्वरात स्वर मिळवत होते, आणि खरे सांगायचे तर मोठ्याने गात होते. वकिलीच्या अभ्यासासाठी गाण्याची शिकवणी सोडली त्यानंतर प्रथमच.

जलसा सुमारे तीन तास चालला. मध्येच दोन गीतांच्या दरम्यान ती थांबली आणि पाणी प्यायली. विशेष काही नाही. कोणताही गवई पाणी पितो. पण बारा हजार माणसे ती पिऊन होईपर्यंत शांतपणे थांबली. तिने पात्र खाली ठेवले आणि पुन्हा आमच्याकडे वळली. माझ्या डोळ्यांपुढे कोनाड्यातला पितळी पेला उभा राहिला, आणि शेजारच्या बाईंनी न विचारता आपला रुमाल माझ्यापुढे केला. त्यांना वाटले असेल, हिला गाणे फार आवडले. तेही खोटे नव्हते.

मात्र त्या रात्रीचे मी फार गोडवे गाणार नाही. तिकीट काढले म्हणजे गाणारी विकत घेतली, असे मानणारे तेथेही असणारच. पायरीवर बसवणे आणि मखरात बसवणे, दोन्हींत माणूस घराबाहेरच राहतो.

पुढच्या वर्षी, २०२५ साली, गावच्या उत्सवाला गेले. पालखीनंतर गायला एक विशीतली मुलगी आली होती. चांगली गायली. मध्यंतरात मी तांब्याभांडे घेऊन लगबगीने तिच्यापाशी गेले. ती हसली. म्हणाली, “थँक यू काकी, माझ्याकडे आहे,” आणि पिशवीतून आपली बाटली काढली. भरलेले भांडे हाती घेऊन मी सभामंडपाच्या मधोमध उभी! तिचे माझ्याकडे काहीच येणे नव्हते. एकाचे देणे दुसऱ्याला देऊन फिटत नाही, हे मी अशिलांना रोज सांगते. ते स्वतःला सांगायचे राहिले होते.

१९६३ चा मुदतीचा कायदा म्हणतो की ठरावीक काळ लोटला की धनकोला कोर्टात दावा लावता येत नाही. साध्या कर्जाला ही मुदत तीन वर्षांची. परंतु त्याने ऋण नाहीसे होत नाही. वसुलीचा मार्ग तेवढा बंद होतो. १८७२ च्या कराराच्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. मुदत टळून गेलेले कर्जही फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी आणि सहीनिशी दिले, तर ते वचन त्याच्यावर बंधनकारक होते. राहिला वारसाचा प्रश्न. मृताची जेवढी मिळकत वारसाच्या हाती आली असेल, तेवढ्यापुरताच तो त्याच्या ऋणाला बांधील. आजीकडून माझ्याकडे काय आले? दोन पाटल्या आणि एक सूर. पाटल्या तिच्या माहेरच्या होत्या. सूर मात्र त्या बाईंचा होता, आणि माझी मुलगीही त्याच सुरावर झोपत असे.

उत्सवाहून परतताना चौकशी केली. त्या बाईंची नात हयात आहे, मुंबईस असते. पत्ता मिळाला आहे. पत्र लिहायला अनेकदा बसले. कलमे, पोटकलमे लिहिणारा हात पहिल्या ओळीपाशीच अडतो. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका पेल्याविषयी अनोळखी बाईला काय लिहावे? कदाचित तिच्या आजीने हे कधी सांगितलेही नसेल. कदाचित सांगितले असेल, आणि ते अधिक कठीण.

तरी ते पत्र लिहिण्याचे मी वचन देते. वचन लेखी आहेच. या लेखाखाली माझे नाव छापले जाईल, ती माझी सही समजावी.