पोटरीतला गोळा

दिवसभर खो-खो खेळलं की रात्री हमखास पोटरीत गोळा यायचा. मी किंचाळायची. "उंडारायचं दिवसभर, मग दुसरं काय होणार!" म्हणत आजी उठायची, गुडघा सरळ दाबून धरायची आणि चवडा माझ्याकडे वळवत राहायची. कळ आधी वाढायची, मग सुटायची. तेल चोळणं त्यानंतरचं.

कॉलेजात खेळाच्या सरांनी कारण बदललं: घामातून मीठ जातं. गरोदरपणी कॅल्शियम कमी पडायला लागलं. साठी उलटल्यावर जो तो मॅग्नेशियम सांगतो. कारण दर वयाला वेगळं, सांगणारा मात्र तितकाच ठाम! उतारवयातल्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात निघालं. आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांना तर डॉक्टर मलेरियावरचं क्विनीन देत. त्याचा थोडाफार गुण येई. पण ते हृदयाचे ठोके बिघडवतं, प्लेटलेट्स पाडतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये पेटक्यांसाठी ते वापरू नका असा इशारा दिला.

त्याच वर्षीच्या एका प्रयोगाची मला फार गंमत वाटते. विजेचे हलके झटके देऊन पायात पेटका आणायचा आणि व्हिनेगरातल्या काकडीचं खारट-आंबट पाणी प्यायला द्यायचं. पेटका साध्या पाण्यापेक्षा लवकर, दीड मिनिटाच्या आतबाहेर सुटला. एवढ्यात मीठ रक्तात पोचतंय कुठलं? घशाला आंबट झणका बसल्यावर तिथल्या नसाच पेटका आलेल्या स्नायूच्या नसांना आवरत असाव्यात, असा संशोधकांचा तर्क.

म्हणजे भांडण बरंचसं नसांचं. झोपेत चवडा खाली झुकतो, पोटरीचा स्नायू आधीच आखडलेला असतो. त्यात नस पेटली की त्याची गाठ होते. स्नायू ताणला की त्याच्या कंडरेतून मज्जारज्जूकडे निरोप जातो आणि नस शांत होते. आजी नेमकं तेच करायची.

सगळं दुखणं असं साधं नसतं. चालताना पोटरी भरून येते नि थांबलं की उतरते, किंवा एकच पोटरी सुजून गरम लागते, तेव्हा ताणत बसू नये, डॉक्टर गाठावा. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर तेही त्यांना सांगावं. एरवी मी झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला चिकटवून पोटऱ्या ताणते. आणि पायाशी पांघरूण गादीखाली खोचू देत नाही. सुनेला ते गबाळं दिसतं, दिसू दे.