वारा किती घ्यावा

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे भर दुपारी दुचाकीवर निघालेला माणूस ओळखू येत नाही. डोकं, कान, तोंड सगळं पांढऱ्या दुपट्ट्यात, बाह्या मनगटापर्यंत, उघडा फक्त गॉगल. खिशात कांदा आहे का, हे विचारू नये, असतो. पारा ४३ वर असताना हा माणूस अंगावर कपडे चढवत असतो आणि तिकडे त्याला कुणी वेड्यात काढत नाही. पुण्यात हेच काम स्कार्फ आणि सनकोट करतात. उन्हाळा म्हणजे कमी कपडे, ही समजूत समुद्रकाठच्यांची असावी, नाहीतर सिनेमावाल्यांची.

त्यामुळे रायडिंग जॅकेटचा विषय निघाल्यावर नखशिखान्त गुरफटलेलाच माणूस जेव्हा म्हणतो, ‘एवढ्या उन्हात ते कोण घालणार?’ तेव्हा गंमत वाटते. त्याचा राग कपड्यावर नसतोच. राग जाडीवर असतो, किमतीवर असतो आणि थोडा त्या दिखाऊपणावर. यातला शेवटचा मला पूर्ण मान्य आहे. छातीवर वाघाचा पंजा आणि पाठीवर हिमालय रंगवलेलं जॅकेट घालून माणसानं कोथिंबीर आणायला कसं जावं?

पण सनकोट ऊन अडवतो, रस्ता अडवत नाही. वळणावर वाळू असते, पहिल्या पावसात डांबर तेलकट होतं, आणि गाडी आडवी झाली की माणूस तिच्या मागोमाग घसरत जातो. सुती कापड तेवढ्यात फाटून मोकळं होतं. पातळ पॉलिएस्टरचा टी-शर्ट तर घर्षणाच्या उष्णतेनं वितळून कातडीला चिकटू शकतो. दुपट्ट्याचं टोक मागच्या चाकात गेलं तर काय होतं, ते लिहवत नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेटपुरतं बोलतं. गळ्याखालचं ज्यानं त्यानं बघायचं.

युरोपानं या गळ्याखालच्या भागासाठी २०२० मध्ये ईएन १७०९२ हे मानक आणलं. त्यात एएए, एए, ए अशा पायऱ्या आहेत, आणि खांदे, कोपरे, कुल्ले, गुडघे या आधी टेकणाऱ्या जागांसाठी कसोटी अधिक कडक आहे. मला मात्र ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं २०१८ मध्ये सुरू केलेलं मोटोकॅप जास्त जवळचं वाटतं. ते लोक दुकानातून गुपचूप जॅकेटं विकत आणतात, प्रयोगशाळेत फाडतात आणि दोन वेगवेगळे निकाल देतात: हे तुम्हाला किती वाचवेल, आणि यातून घामाची वाफ किती बाहेर पडेल. दुसरा प्रश्न विचारायला उन्हाळा सोसलेलंच माणूस लागतं. उकाड्यात जे अंगावर राहत नाही ते वाचवणार कधी? खुंटीवर टांगलेल्या एएए जॅकेटपेक्षा अंगावरचं ए बरं.

आता जाळीच्या जॅकेटाकडे येऊ. उन्हाळ्यासाठी म्हणून दुकानदार पहिलं तेच काढतो: छातीला, पाठीला, बाह्यांच्या आतल्या बाजूला जाळी, आणि खांद्या-कोपरांवर घट्ट विणीचं कापड. (खांद्यावरही जाळीच असेल तर ते परत ठेवावं.) लेबलावर ६०० डेनियर असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे त्या धाग्याचं ९००० मीटरचं वजन ६०० ग्रॅम. धागा किती जाड हे त्यातून कळतं. वीण किती घट्ट आणि शिवण किती पक्की, हे मुळीच कळत नाही. तरी गिऱ्हाईक तो आकडा वाचून मान डोलावतं.

जाळीतून वारा आत येतो आणि बरं वाटतं. पण तो वारा कुठला, हे महत्त्वाचं. आपल्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४३ वर गेली की तोच वारा उलटा होतो, उष्णता आणून ओतू लागतो. मग आपल्याला वाचवायला उरतो फक्त घाम. एक लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि हा सौदा फार चांगला आहे. पण ताशी साठच्या वेगानं जाळीतून घुसणारी वर्ध्याची कोरडी हवा तो घाम फुटल्या फुटल्या पिऊन टाकते. अंग कोरडं राहतं. आपल्याला घामच येत नाही असं वाटतं, आणि पुढच्या टपरीवर उतरल्यावर डोकं गरगरतं. अशा हवेत जाळी हा उपाय नाही. बंद कापडाचं, पण चेन उघडून वारा मोजून आत घेता येईल असं जॅकेट, आणि त्याच्या आत ओला करून पिळलेला बनियन, ही खरी सोय. विदर्भातला प्रत्येक कूलर हेच करतो: वाळ्याचे ताटे ओले ठेवायचे आणि त्यांतून वारा काढायचा. अर्ध्या-पाऊण तासात बनियन वाळतो. तेव्हा थांबायचं, तो पुन्हा भिजवायचा, स्वतः ताक किंवा पन्हं प्यायचं.

तोच कूलर रत्नागिरीला नेऊन लावा. खोलीत नुसता ओलावा होईल. कोकणात मे महिन्यातही पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे फारसा जात नाही, पण हवेच्या पोटात पाण्याला जागाच नसते. घाम वाळत नाही, ओघळतो. ओला बनियन तिथं फक्त ओला राहतो. हवा मात्र अजून कातडीपेक्षा थंड असते, म्हणून तिथं वाऱ्याइतकं औषध नाही, जितका मिळेल तितका. म्हणजे ‘कडक उन्हाळ्यासाठी’ म्हणून विकलं जाणारं जाळीचं जॅकेट खरं शोभतं ते रत्नागिरी-मालवणच्या रस्त्यावर, आणि चंद्रपूरच्या माणसानं ते जपून वापरावं. एकाच राज्यात दोन उन्हाळे असल्यावर कपाटात एक जॅकेट पुरेल कसं, असं दुकानदार म्हणेल. बाहेरून बंद कापड आणि आतून चेननं उघडणारी जाळी असलेली जॅकेटं मिळतात. ती आधी बघावीत.

काळ्या रंगाला सगळे घाबरतात. १९८० साली ‘नेचर’मध्ये बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवर एक शोधलेख आला होता. काळा झगा बाहेरून जास्त तापतो खरा, पण ती उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आत हवेवर निघून जाते. आतल्या माणसाला पांढऱ्या झग्याइतकंच ऊन लागतं. अर्थात झगा ढगळ असतो आणि वाळवंटात वारा असतो. जॅकेट ना ढगळ, ना सिग्नलवर वारा. शिवाय फिकट रंग ट्रकवाल्याला लांबून दिसतो. मी फिकट घेईन.

सिग्नल हा या सगळ्या शास्त्राचा शत्रू आहे. वरून ऊन, खालून तापलेलं इंजिन, शेजारी बसचा धूर, आणि वारा शून्य. तिथं जाळी चालत नाही, चेनही चालत नाही. यावर उपाय आहे असं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला त्याचंच जॅकेट घालून दुपारी तीन वाजता स्वारगेटला उभं करावं.

आणि विक्रेता भेटतो तो एसीत. तिथल्या आरशासमोर कुठलंही जॅकेट थंडगारच लागतं. आरसा सोडावा, स्टुलावर बसून हँडल धरल्यासारखे हात पुढे करावेत आणि कोपराचं पॅड चिमटीत धरून फिरवून बघावं. ते फिरलं तर पडल्यावरही फिरेल आणि हाड उघडं टाकेल. हवा खेळावी म्हणून लोक उन्हाळी जॅकेट एक माप मोठं घेतात, ते इथंच नडतं. पॅडवरची खूण वाचावी. पाच किलोचं वजन त्यावर आदळवून पलीकडे किती धक्का पोचतो ते मोजलेलं असतं: कोपर-गुडघ्यांच्या पहिल्या पातळीच्या पॅडला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत सूट, दुसऱ्या पातळीला २०. भोकं पाडलेली दुसऱ्या पातळीची पॅडं आता मिळतात. पाठीच्या खिशात मात्र पुष्कळदा नुसता स्पंज घालून दिलेला असतो, तो काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गल्लीतल्या गल्लीत जायला जॅकेट चढवणारा माणूस मी अजून पाहिला नाही, आणि न चढवणाऱ्याला उपदेश करण्यातही अर्थ नाही. पण बूट आणि हातमोजे तेवढ्यासाठीसुद्धा घालता येतात. पडताना माणूस आधी हात टेकतो. तळव्याला चामडं आणि वरून जाळी असलेले हातमोजे फार महाग नसतात, आणि उकाड्याची सबब तिथं लागू पडत नाही. सबंध अंगात हँडलवरच्या हातांइतका वारा दुसऱ्या कशाला मिळत नाही.