फ्यूजच्या जागी बल्ब

सरांची मारुती आठशे महिन्याभरात तिसऱ्यांदा माझ्या दुकानासमोर येऊन थांबली. काच खाली करून त्यांनी हॉर्न दाबून दाखवला. आवाज नाही. "पाय बरं," सर म्हणाले, "घरून निघालो तवा चांगला वाजत होता. मंग मधातच काहून बंद पडते हा?"

सरांनी मला सातवीत गणित शिकवलं. त्यांच्या गाडीवर नंबर अजून एमएच-३०, म्हणजे अकोल्याचा. गाडी १९९७ची आणि वाशीम जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ला, एमएच-३७ त्यानंतरचा. आमच्या आसेगावात त्या काळात कार घेणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. तेव्हापासून ती गाडी सरांनी जपली आहे, पासिंग वेळच्या वेळी करून घेतली आहे. अशी गाडी तिसऱ्यांदा त्याच तक्रारीनं परत येते तेव्हा मला रात्री जेवण गोड लागत नाही.

आधीच्या दोन्ही वेळी फ्यूज उडालेला होता. या गाडीत हॉर्न आणि ब्रेक लाईट एकाच फ्यूजवर आहेत, पंधरा अँपिअरचा निळा. मी नवा घातला, ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला, इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवून पाहिलं. सगळं ठीक. गाडी दिली. आता तिसऱ्यांदा फ्यूज बॉक्सचं झाकण उघडलं तर निळ्याच्या जागी हिरवा फ्यूज बसलेला, तीस अँपिअरचा, आणि तोही उडालेला. वाटेत कुठं तरी कुणी 'हा उडणार नाही' म्हणून बसवून दिला होता.

याचा मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही. फ्यूज गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, कारण सगळ्यात आधी जळायचं काम तिचं. सेल्फ मारताना गाडीची बॅटरी शंभराच्या वर अँपिअर देते. तेवढा करंट शेवयासारख्या बारीक वायरीतून गेला तर ती काही क्षणांत लाल होते, मग तिच्या शेजारची, मग सीटचा फोम. मोठा फ्यूज घालणं म्हणजे जळायची पाळी फ्यूजवरून वायरीवर ढकलणं. मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं तेव्हा तो वास आलाच. गरम झालेल्या पीव्हीसीचा, किंचित गोडसर, घशात बसणारा.

गाडीचं वायरिंग घरासारखं नसतं. घरात जायला एक वायर, यायला दुसरी. गाडीत जायला वायर आणि यायला पत्रा. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला बांधलेली असते. दिव्यातून, हॉर्नमधून निघालेला करंट पत्र्यातूनच घरी परततो. त्यानं अर्धं तांबं वाचतं, पण गाडीचा सगळा पत्रा परतीची वाट होऊन बसतो. चालू वायरीचं साल कुठंही सोललं आणि तांबं पत्र्याला टेकलं, की करंट दिव्यापर्यंत जायची तसदी घेत नाही. तिथूनच परत फिरतो. आमच्याकडे सगळे त्याला 'शॉट' म्हणतात. मीही तेच म्हणतो.

मी हे काम अकोल्याला उस्तादांकडे शिकलो, पद्मिनी आणि जीपवर. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या त्या पद्मिनींत चिनी मातीचे फ्यूज असत, वरून तांब्याची पट्टी उघडी. ती काळी पडली की अर्धे दिवे मंद. उस्तादांकडे मीटर होता, पण शॉट शोधताना ते खिळ्यावरचा बल्ब काढत. इंडिकेटरचा एकवीस वॅटचा, दोन वायरी जोडलेला. उडालेल्या फ्यूजच्या खाचेत त्या दोन वायरी खोचायच्या. लाईनीत शॉट असेल तर बल्ब भक्कन पेटतो. शॉट सुटला की विझतो. बारा व्होल्टवर एकवीस वॅट म्हणजे पावणेदोन अँपिअर. त्याच्या वर करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे वायर जळायची भीती नाही. फ्यूज एकदा सांगून मरून जातो, बल्ब मात्र दिवसभर सांगत राहतो. तोच बल्ब, म्हणजे तशाच प्रकारचा, माझ्याही दुकानात खिळ्याला लटकलेला असतो.

सरांच्या गाडीच्या या लाईनीवर एक अडचण होती. ब्रेक दाबला की मागचे दोन बल्ब पेटणार, त्यांचा करंट माझ्या बल्बातून जाणार, आणि शॉट नसतानाही तो उजळणार. म्हणून आधी मागच्या दोन्ही दिव्यांतले बल्ब काढले. मागच्या काचेला लावलेल्या जादा ब्रेक लाईटचा बल्बही काढला. हॉर्नचं सॉकेट सोडवलं. ड्रायव्हरची सीट आणि ब्रेक पेडलच्या मध्ये लाकडाचं दांडकं अडकवलं, म्हणजे ब्रेक दाबलेलाच राहील. आता या लाईनीवर खाणारं कुणीच उरलं नव्हतं. बल्ब काळा. इंजिनाजवळचं वायरिंग हलवलं, डॅशबोर्डखालचं ओढलं, डिकीतलं चाचपलं. बल्ब काळाच. लाईन स्वच्छ आहे असं तो सांगत होता, आणि तरी तिनं तीन फ्यूज खाल्ले होते.

दांडकं तसंच ठेवून मी सरांसमोर स्टूलवर बसलो. शॉट सापडत नाही तेव्हा वायरीकडं पाहणं थांबवून मालकाला विचारावं, हे मी फार उशिरा शिकलो. कोणता दिवा, कोणता फ्यूज हे त्याला सांगता येत नाही. 'केव्हा' हे मात्र त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

"सर, तिन्ही वेळा गाडीत कोण कोण होतं?"

सरांनी विचार केला. "पहिल्यांदा मंगरूळपीरला लग्न होतं, समदे होतो. दुसऱ्यांदा नातवाईले आणाले गेलतो स्टॅन्डवर. आजही सूनबाई अन् पोरं होते, आताच उतरवून दिले घरी." मग थांबून, "मी अन् तुही काकू असलो म्हणजे काही होत नाही बरं."

दोघं पुढं बसतात. मागची सीट रिकामी.

ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावून दोन पोरं बाकावर बसली होती. त्यांना म्हटलं, जरा मागं बसा रे. पहिला बसला, काही नाही. दुसरा धपकन बसला आणि बल्ब भक्कन पेटला. "उठ." विझला. "बस." पेटला. सर उठून जवळ आले आणि तो पेटता-विझता बल्ब असा पाहत राहिले, जसं आम्ही कधी काळी त्यांच्या फळ्याकडं पाहायचो. मी रिकाम्या गाडीत ब्रेक दाबून दोनदा गाडी परत दिली होती. ब्रेक दाबलेला आणि मागं माणूस, दोन्ही एकाच वेळी हवं होतं.

सीट उचलली. खाली नाण्यांची, शेंगांच्या टरफलांची, एका जुन्या खोडरबराची भर होती, आणि तिच्यातून एक लाल वायर आडवी गेलेली. गाडीची मूळ नव्हे. घरातल्या दिव्याला वापरतात तसली. काचेवरच्या जादा ब्रेक लाईटची. सीटच्या लोखंडी फ्रेमचा एक आडवा पाय बरोबर तिच्यावर येत होता. टॉर्च मारून जवळून पाहिलं. प्लॅस्टिकवर नखानं दाबल्यासारखी खाच, खाचेत तांब्याच्या तीन तारा उघड्या, त्यांची टोकं काजळलेली. त्याच जागी पत्र्याच्या पांढऱ्या रंगावर मोहरीएवढा काळा ठिपका. माणूस बसला की फ्रेम दबायची, तारा ठिपक्याला टेकायच्या. शंभर वेळा टेकल्या असतील. पाय ब्रेकवर असताना टेकल्या तेव्हाच फ्यूज गेला.

ती वायर मी लगेच कापली नाही. डिकीत तिचा जोड होता, त्यावरची टेप सोडवली. डिंक पाघळून काकवीसारखा झालेला, म्हणजे बरीच वर्षं झालेली. आत तांब्याचा पीळ उलट्या बाजूनं घातलेला. डावखुऱ्या हाताचं काम असावं. पीळ घट्ट होता, टेप एकसारखी गुंडाळलेली. ज्यानं हे केलं त्याला काम येत होतं. फक्त वायरीवर स्लीव्ह घातली नाही आणि वाट जवळची निवडली. जुन्या गाडीत शॉट शोधताना असे किती तरी हात मला भेटतात. कुणी गाठ मारून सोडलेली, कुणी सिगारेटची चांदी फ्यूजला गुंडाळलेली, कुणी इतकी देखणी कल्हई केलेली की तो जोड तोडवत नाही. चेहरा एकाचाही माहीत नाही.

उंदरांचं मात्र वेगळं. सोयाबीन निघालं की जीपमधून कुटार जातं, कुटारात उंदीर येतो आणि वायरिंगच्या बंचमध्ये घर करतो. तिथं वाचण्यासारखं काही नसतं. बंच सोलायचा आणि एकेक वायर बदलायची.

सरांना विचारलं, "जादा लाईट काढून टाकू?" नको म्हणाले. हंगामात संध्याकाळी मागून ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात, उंचावरचा दिवा त्यांना दिसतो. बरोबर होतं त्यांचं. मग नवी वायर घेतली, गाडीला चालते तशी, अख्खी स्लीव्हमध्ये घातली आणि दरवाजाच्या उंबऱ्याकडेनं, मूळ वायरिंगच्या सोबतीनं नेली. पत्र्याच्या भोकात रबरी बुश बसवला. या दिव्याला स्वतःचा तीन अँपिअरचा वेगळा फ्यूज दिला, म्हणजे पुढं कधी काही झालं तरी हॉर्न जाणार नाही. तिसऱ्या फ्यूजनं तापलेला डॅशबोर्डखालचा तुकडाही बदलला. मूळ खाचेत परत निळा फ्यूज.

गाडी घेऊन आम्ही रस्त्याला लागलो. सर चालवत होते, मी पुढं, मागं ती दोन पोरं आणि चहा घेऊन आलेला तिसरा. गतिरोधकावर सरांनी ब्रेक दाबला, गाडी उसळली, पोरं सीटवर आदळली. सरांनी हॉर्न वाजवला. मग पुढं कुणी नसताना आणखी एकदा वाजवला.